बाराव्या परद्यावर

ढोकीला कारखान्याच्या मागच्या मैदानावर कार्यक्रम चांगला रंगात आला होता. तेवढ्यात पुतळाबाईंनी हात वर केला आणि गाणं मधेच थांबवलं. ढोलकीवर बसलेल्या बब्रुवानचा हात हवेतच राहिला. बाई मागं वळल्या, पण माइक तोंडापाशीच होता, त्यामुळं त्यांचं बोलणं सगळ्या मैदानानं ऐकलं.

"श्रावस्ती, तुझी ती गिटार चढाया लागलीय बाई. खाली असंपर्यंत माझ्या बरोबर चालतीय, वर गेलं की मला सोडून पुढं पळतीय."

मैदान हसलं. पुढं बसलेल्या बायका तर पदर तोंडाला लावून हसल्या. श्रावस्तीनं मान खाली घातली, तारा पुन्हा जुळवल्याचं नाटक केलं आणि उरलेला कार्यक्रम खालच्या खालीच, दबकत वाजवला.

ती धाराशिवच्या आयटीआयमध्ये फिटर ट्रेड शिकवायची. सुट्टीच्या दिवशी पुतळाबाईंच्या गायन पार्टीत गिटार. भीमगीतं, बुद्धगीतं म्हणावीत तर तेरच्या पुतळाबाईंनीच, असं तालुक्याचं मत होतं. आणि त्यांच्या पार्टीत इलेक्ट्रिक गिटार घेऊन उभी राहणारी पोरगी हा जयंतीच्या दिवसांत कौतुकाचा विषय असायचा. पोरं खास तिचे व्हिडिओ काढायची. आता ढोकीचाही कुणीतरी काढलाच असणार, हे तिला रात्रभर टोचत राहिलं. कारण गिटार तिनं स्टेजवर चढायच्या आधी नीट जुळवली होती. एकदा नाही, दोनदा.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ती गिटार पाठीला लावून नंदीशच्या दुकानात गेली. नंदीश मूळचा मुरूमचा. घरी कानडी, बाहेर मराठी, आणि गिऱ्हाईक कटकट करायला लागलं की दोन्ही एकदम. बसस्टँडजवळ त्याचं मोबाइल दुरुस्तीचं दुकान होतं आणि पार्टीत तो कीबोर्ड वाजवायचा.

"माझा कीबोर्ड बघ," तो लगेच सुरू झाला. "कधी चढला? कधी उतरला? पाऊस असू दे, ऊन असू दे."

"तुझ्या कीबोर्डला जीवच नाही, तो चढेल कशाला? ट्यूनर लाव."

नंदीशनं मोबाइलमधलं ट्यूनर चालू केलं. सूर बरोबर असला की काटा मधोमध थांबून हिरवा व्हायचा, चढला की उजवीकडं जाऊन लाल. श्रावस्तीनं पहिली तार मोकळी छेडली. हिरवा. दुसरी, तिसरी, सगळ्या हिरव्या. मग तिनं मानेवरच्या धातूच्या पट्ट्या, म्हणजे परदे, मोजत बारावा गाठला. तिथं तार दाबली की तोच सूर एक सप्तक वर मिळायला हवा. तिनं दाबली, छेडली. काटा मधला टप्पा ओलांडून थेट लालात शिरला.

"पुतळाअक्का बरोबर बोलल्या की गं," नंदीश म्हणाला. त्याला झालेला आनंद त्याला लपवता आला नाही.

श्रावस्तीला मात्र वेगळाच आनंद झाला. दोष सापडला होता. दोष तिच्या हातात नव्हता, लोखंडात होता, आणि लोखंडाशी कसं बोलायचं हे तिला चांगलं ठाऊक होतं.

घरी येऊन तिनं दिव्याखाली गिटारचा ब्रिज पाहिला. तारा जिथं गिटारच्या अंगावर टेकतात तो हा भाग. त्यात प्रत्येक तारेला आपली एक बारकी घोडी असते, आणि मागचा स्क्रू फिरवला की घोडी मागंपुढं सरकते. घोडी पुढं राहिली तर तार आखूड पडते आणि वरच्या परद्यांवर सूर चढतो. मागं घेतली की उतरतो. म्हणजे उपाय सोपा होता: घोड्या मागं घ्यायच्या. पण श्रावस्तीनं ही गिटार सोलापूरच्या एका ऑर्केस्ट्रावाल्याकडून जुनी घेतली होती, आणि त्याच्या हाताचा सगळा घाम त्या ब्रिजनं पिऊन ठेवला होता. स्क्रू गंजून घोड्यांशी एकजीव झाले होते. एका घोडीमागं स्क्रूवरच्या मूळ स्प्रिंगच्या जागी चक्क बॉलपेनची स्प्रिंग होती.

गंज सुटायचं तेल सोडून तिनं वाट पाहिली. एक स्क्रू फिरला. दुसऱ्याच्या डोक्याची खाचच झिजून गेली. तिसरा कट् करून तुटला.

"झालं?" आईनं स्वयंपाकघरातून विचारलं.

"झालं," श्रावस्ती म्हणाली. "आता ब्रिजच बदलावा लागेल."

त्याच रात्री तिनं मोबाइलवर ब्रिज बघायला सुरुवात केली आणि तिथंच तिचं डोकं फिरलं. काळे ब्रिज, सोनेरी ब्रिज, हँडल दाबलं की सूर लाटेसारखा हलवणारे ब्रिज. एक तर असा देखणा होता, काळाकुळकुळीत, घोड्यांच्या जागी चकाकते रोलर. तिला डोळ्यांसमोर भूमचं स्टेज दिसलं. पुढच्या महिन्यात भूमजवळच्या एका गावात विहाराचं उद्घाटन होतं आणि पार्टीला बोलावणं आलं होतं. लाल गिटारवर तो काळा ब्रिज काय दिसेल! तिनं तो मागवून टाकला.

पार्सल आलं तेव्हा नंदीशही हजर होता. श्रावस्तीनं तारा काढल्या, जुना ब्रिज उचलला आणि नवा त्या जागी ठेवून पाहिला. जुन्याला एका रांगेत सहा बारके स्क्रू होते. नव्याला दोनच खुंट्या, त्याही करंगळीएवढ्या जाड. लाकडात मोठी भोकं कोरल्याशिवाय तो बसणारच नव्हता.

"कोरून घे की," नंदीश म्हणाला. "तू फिटर हायस."

"फिटर आहे, सुतार नाही." ती खाटेवर बसली आणि एकाएकी हसायला लागली. "नंदीश, मी वर्गात रोज काय बोंबलत असते माहितीय? आधी माप, मग सामान. नजर खोटं बोलते, व्हर्नियर बोलत नाही. आणि मी काय केलं? रंग बघून मागवला!"

"लिपस्टिक घेतल्यासारखा."

"गप."

काळा ब्रिज परत गेला. या वेळी तिनं केसभर मापही पकडणारा आपला व्हर्नियर काढला आणि गिटार वर्कशॉपमधल्या एखाद्या जॉबसारखी समोर घेतली. बाहेरच्या दोन स्क्रूंमधलं अंतर साडेबावन्न मिलिमीटर भरलं. तसे सहा स्क्रूचे ब्रिज बाजारात भरपूर होते, पण त्यातले अर्धे छप्पन्नचे. फोटोत दोन्ही जुळे भाऊ वाटतील. छप्पन्नचा आणला असता तर भोकं तर चुकलीच असती, पण कडेच्या तारा मानेच्या अगदी काठावर जाऊन बोटाखालून निसटल्याही असत्या. मग ब्रिजच्या खाली लाकडात उतरणारा लोखंडी ठोकळा. तिची गिटार अंगानं सडपातळ होती. जाडजूड पितळी ठोकळा सूर भरदार करतो असं सगळे सांगत होते, पण तो हिच्या पाठीतून बाहेर डोकावला असता. तिनं खोली मोजली आणि आखूड ठोकळ्याचा, साध्या पोलादी घोड्यांचा ब्रिज निवडला. विकणाऱ्याला फोन करून मापं पुन्हा विचारून घेतली. तो कंटाळला, पण त्यानं सांगितली.

"हा तर जुन्यासारखाच दिसतोय," पार्सल उघडल्यावर नंदीश निराश होऊन म्हणाला.

"म्हणूनच घेतलाय."

रविवारी दुपारी तिनं खाटेवर जुनी चादर अंथरली आणि कामाला बसली. सहाही स्क्रू आपापल्या भोकात असे गेले, जणू तिथंच वाढले होते. सूर हलवायचं हँडल तिनं लावलंच नाही. ब्रिजला खाली ओढून धरणाऱ्या, गिटारच्या पाठीतल्या स्प्रिंगा आवळून तो लाकडावर सपाट बसवला. जुन्या तारांवर माप घेण्यात अर्थ नव्हता, म्हणून नव्या तारा चढवल्या, हातानं ओढओढून त्यांचा आळस काढला आणि मग एकेक तार घेतली. मोकळी जुळवायची. बाराव्या परद्यावर दाबून बघायची. चढली तर घोडी केसभर मागं. पुन्हा मोकळी जुळवायची, कारण घोडी हलली की तीही बिघडते. पुन्हा बारावा. आई दोनदा चहा ठेवून गेली, दोन्ही वेळा तो गार झाला. शेवटची जाड तार सगळ्यात हट्टी निघाली. तिची घोडी पार मागं न्यावी लागली.

मग श्रावस्तीनं वरच्या परद्यांवर एक पूर्ण सूरसमूह धरला आणि सगळ्या तारा एकदम छेडल्या. इतकी वर्षं तिथं नेहमी एक कुरकुर असायची, पायात खडा असल्यासारखी. ती गेली होती. सूर पाण्यासारखा सपाट पसरला. तिनं पुन्हा वाजवलं. मग उगीचच आणखी एकदा. मग आईला हाक मारून बोलावलं आणि तिच्यासाठी वाजवलं.

"बरंय," आई म्हणाली. "आता जेव."

पुढच्या तालमीला दोघं नंदीशच्या मोटारसायकलवर तेरला गेले. पुतळाबाईंच्या अंगणात बब्रुवान आधीच ढोलकी आवळत बसला होता. बाईंचं ठेवणीतलं गाणं निघालं, त्यांनीच रचलेलं: *शाळेच्या दारी उभी माझी आई*. पोराला शाळेत घालायला आलेली आई दाराबाहेरच थांबते, आणि शेवटच्या कडव्यात ती उंबरा ओलांडते. ओलांडते तिथं सूर एकदम वर चढतो. ऐकणाऱ्या बाया तिथं हमखास डोळे पुसायच्या.

श्रावस्ती निर्धास्त वाजवत होती. उंबऱ्याची ओळ आली. बाईंनी सूर लावला, गिटारही बरोबर चढली, आणि बाईंनी हात वर केला.

"अजून चढतीय की गं."

"मावशी, आता नाही चढत. बघा." श्रावस्तीनं ट्यूनर लावून वरचा सूर छेडला. हिरवा. नंदीशनं कीबोर्डवर तोच सूर दाबला. दोन्ही एकमेकांत असे मिसळले की वेगळे करता येईनात.

बब्रुवाननं ढोलकीची दोरी पुन्हा तपासायला घेतली, ती ढिली नसतानाही.

"तुमचं मशीन बी तुमच्याच बाजूनं बोलणार," पुतळाबाई म्हणाल्या. "आज ऱ्हाऊ द्या. माझं डोस्कं दुखाया लागलंय."

परतताना गावाबाहेर आल्यावर नंदीशनं मोटारसायकलचा वेग कमी केला.

"अक्का खाली पडतायत," तो म्हणाला. "थोड्याच. गिटार बिघडलेली होती तवर कळत नव्हतं. आता सगळं सरळ झालंय, तर तेवढंच दिसतंय."

"मलाही कळलं."

"मग सांग की."

"मी? तू सांग. तुला त्या लाडका म्हणतात."

"म्हणूनच मी न्हाय सांगणार."

श्रावस्तीला वाईट वाटत होतं, आणि कशाचं ते नीट कळतही नव्हतं. ढोकीला सगळ्यांसमोर आपलं हसं झालं, तेव्हा दोष खरंच आपल्या गिटारचा होता. आता आपली बाजू खरी ठरली होती तरी तिला जिंकल्यासारखं काही वाटेना. याच बाईंनी तिला दहावीनंतर स्टेजवर उभं केलं होतं. पोरीच्या जातीला ही असली गिटार कशाला, असं कुणीतरी म्हटलं तेव्हा, "मग काय पोराच्या जातीनंच सगळ्या तारा तोडायच्या व्हय?" असं त्यांनी माइकवरून विचारलं होतं.

दोन दिवसांनी पुतळाबाई स्वतःच आल्या. दुपारच्या एसटीनं, एकट्या, हातात पिशवी. श्रावस्ती नुकतीच आयटीआयमधून परतली होती, आई शेजारी गेली होती.

"गावातली वांगी आणलीत," बाई म्हणाल्या आणि स्वयंपाकघरात जाऊन पाटावर बसल्या. पाणी प्यायल्या. वांग्यांबद्दल बोलल्या, एसटीबद्दल बोलल्या. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "ते मशीन आण."

"कुठलं?"

"आता लई शहाणी होऊ नकोस. काटा हलतो ते."

श्रावस्तीनं मोबाइल त्यांच्या हातात दिला. पुतळाबाईंनी तो भाकरीसारखा तळहातावर धरला, घसा खाकरला आणि खालचा सा लावला. काटा मधोमध, हिरवागार. चढत गेल्या. हिरवा, हिरवा. आवाज सुंदरच होता. बाहेर गल्लीत भांडत असलेली दोन माणसं थांबल्याचं श्रावस्तीला ऐकू आलं. मग बाई उंबऱ्याच्या ओळीशी आल्या. सूर लागला, आणि काटा हळूच डावीकडं कलंडला. त्यांनी जोर लावला. काटा थोडा उठला आणि पुन्हा पडला.

त्यांनी मोबाइल जमिनीवर उलटा ठेवला.

"हिवाळ्यापासनं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं सर्दी हाय. मग वाटलं थकवा हाय. मग तुझी गिटार चढाया लागली. खरं सांगू का पोरी, मला लई बरं वाटलं. म्हटलं, चला, दोष हिचा हाय." त्या हसल्या, पण डोळे भरले होते. "आन् तू गेलीस, त्यो ब्रिज का फिज बदलून आलीस."

श्रावस्ती त्यांच्याजवळ जमिनीवर बसली. "मावशी, दोष माझ्या गिटारचाही होताच. खरंच होता. तुम्हीच ओळखलात." मग धीर करून ती म्हणाली, "आपण पट्टी खाली घेऊ. काळी पाचऐवजी काळी चार. गाणं तेच राहील, फक्त सगळंच थोडं खालून सुरू होईल. मोठमोठे गाणारे घेतात."

"लोक म्हणतील, बाई उतरली."

"लोकांना पट्टी कळते?"

"मला कळती की." बाई उठल्या, साडी झटकली. "वांग्याला कीड न्हाय, बिनधास्त चीर." आणि निघून गेल्या. पट्टीचं हो की नाही काहीच बोलल्या नाहीत.

त्या दिवसापासून भूमच्या कार्यक्रमापर्यंत तालीम झालीच नाही. बाईंनी निरोप पाठवला की लग्नसराई आहे, थेट तिकडंच भेटू.

उद्घाटन सकाळचं होतं. विहार पांढराशुभ्र, नवा रंग अजून हाताला लागत होता. समोर मंडप, पंचरंगी झेंड्या, आणि माणसं आसपासच्या सगळ्या गावांतून आलेली. वंदना झाली, भाषणं झाली, मग पार्टीला बोलावलं. पहिली दोन गाणी नेहमीच्या पट्टीत, खालची आणि सोपी; चांगली झाली. तिसऱ्याला कुणीतरी मागून ओरडलं, "शाळेच्या दारी!" आणि मंडपानं टाळ्या वाजवल्या.

पुतळाबाई माइकपासून बाजूला झाल्या आणि कीबोर्डपाशी वाकल्या.

"नंदीश. काळी चार."

नंदीशनं एक बटण दाबलं, झालं. श्रावस्तीची मात्र धांदल उडाली. तिला बटण नव्हतं. हात दोन परदे खाली आणून सगळं गाणं नव्या जागी शोधायचं होतं, आणि बब्रुवाननं तर ठेकाही धरला होता. पहिल्या ओळीत तिचं एक बोट चुकलं. दुसऱ्या ओळीपर्यंत हात बसला.

बाई गात होत्या. थोडं खालून निघालेलं गाणं जास्तच जवळचं वाटत होतं, कानात सांगितल्यासारखं. त्यांना कुठंच ओढाताण पडत नव्हती. शेवटचं कडवं आलं, आई उंबऱ्यापाशी आली, आणि बाईंनी सूर लावला. सूर नेमका गिटारच्या सुरावर येऊन बसला आणि हललाच नाही. पुढच्या रांगेतली एक म्हातारी आधीच डोळ्यांना पदर लावून बसली होती.

ती ओळ दोनदा म्हणायची असते. दुसऱ्यांदा बाईंनी माइक खाली घेतला, मागं वळल्या आणि हनुवटीनं श्रावस्तीला खूण केली: तू.

असं काही ठरलं नव्हतं. श्रावस्तीकडं विचार करायला वेळ नव्हता. तिनं हात वर सरकवला, बाराव्या परद्याच्याही पलीकडं, जिथं जायची तिला आजवर भीती वाटायची, आणि उंबऱ्याची ओळ तिथं वाजवली. बाई जिथं थांबल्या होत्या तिथून आणखी एक सप्तक वर. एकेक सूर स्वच्छ निघाला. शेवटचा तिनं लांबवला, बोट हलवून थोडा झुलवला आणि सोडला. बब्रुवाननं आपणहून ठेका मंद केला. पुतळाबाई डोळे मिटून मान डोलवत होत्या. मग त्यांनी माइक उचलला आणि ध्रुवपद धरलं, तेव्हा सगळा मंडप त्यांच्याबरोबर गात होता.

कार्यक्रम संपल्यावर जेवणं झाली. ती पदर लावून बसलेली म्हातारी काठी टेकत मंडपामागं आली. गावातल्या हरणाबाई. त्यांनी पुतळाबाईंचे दोन्ही हात धरले.

"बाई, धा वर्सं ऐकतीय तुमाला. आज लई ग्वाड वाटलं. काय येगळं केलं म्हनायचं?"

नंदीश आणि श्रावस्तीनं एकमेकांकडं पाहिलं.

"पट्टी खाली घेतली," पुतळाबाई सरळ म्हणाल्या. "वय झालं आता. वरचं काम हिला दिलंय."

"बरं केलं," हरणाबाई म्हणाल्या. "माझ्या सुनंला बी असंच सगळं वरच्या फळीवरचं काढाया सांगते मी."

पुतळाबाई इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

परतीच्या जीपमध्ये भूमच्या खव्याचे पेढे फिरले. बब्रुवान ढोलकीवर डोकं टेकून झोपला. नंदीश पेढा तोंडात ठेवून सांगत होता की आता कीबोर्डलाही काहीतरी नवीन बसवायला हवं. पुतळाबाईंनी त्याला गप्प केलं आणि श्रावस्तीकडं सरकून बसल्या.

"रविवारी लवकर ये," त्या म्हणाल्या. "एक नवं गाणं डोक्यात हाय. मला सुरुवातच गिटारनं पायजे. पन आधी मला सांग, वर कुठवर जातीय ती?"

श्रावस्तीनं गिटार पिशवीतून काढली, हलत्या जीपमध्ये मांडीवर घेतली आणि बाईंना एकेक परदा दाखवायला लागली.